किपर बसल्याबिगर

शाळेत मी पोरांच्या पाटीवरचं ‘हाय’ पुसून ‘आहे’ लिहायला लावते. ‘न्हाई’ दिसलं की कान धरते. पण ही गोष्ट घरची हाय आणि मी ती घरच्याच बोलीत सांगणार. मास्तरीणबाई अशा कशा बोलायल्यात असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू द्या.

तर आमच्या घरात दोन माणसं बसण्यावरून भांडली, आणि ते भांडण वर्षानुवर्षं चाललं. एक माझे सासरे, आश्रुबा. त्यांना मी मामा म्हणते. दुसरे त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे हे. ह्यांचं नाव मी घेत न्हाई. शाळेतल्या बाया हसतात, सत्यशीलाबाई इतकं शिकून नवऱ्याचं नाव घ्यायला लाजतात म्हणून. मी लाजत न्हाई, मला ते जमत न्हाई, एवढंच. सगळं पूर्णा गाव त्यांना किपर म्हणतं, मी बी किपरच म्हणते.

ह्यांची नोकरी रेल्वेच्या लोकोशेडमधी, फिटरची. दिवसभर इंजिनाखाली आणि पाच वाजले की मैदानात. लग्नाच्या फोटोत बघा, पांढरे कपडे घालून आमी दोघं उभे हाओत आणि नवरदेवाच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी हाय. माझ्या आईनं विचारलं होतं, “मुलाला काही बिमारी तर न्हाई ना?” बिमारीच होती, पण ती मला नंतर कळली. हातमोज्याच्या आत सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालायचे, तरी हर सीझनला एक बोट वाकडं व्हायचं. आता भाकरी मोडायला बसले की बोटं चहुकडं बघत्यात.

विकेटकिपर म्हणजे काय ते मला कुणी सांगितलं न्हाई, मी बघून शिकले. बॅट घेतलेला माणूस पुढं, त्याच्या मागं तीन दांड्या, आणि त्या दांड्यांच्या मागं आमचे हे, उकिडवे. बॉल आला की उठायचं, पुन्हा बसायचं. दिवसभर उठाबशा. शाळेत मी पोरांना शिक्षा म्हणून जे करायला लावते ते हा माणूस हौसेनं करायचा.

आणि करायचा लय भारी. माझा नवरा म्हणून सांगत न्हाई. त्यांच्या टीमचा बॉलर होता दिनकरराव, पूर्ण्याजवळच्याच एका गावच्या पाटलाचा मुलगा. घरची शेती, खताचं दुकान, राजदूत फटफटी आणि डोकं कायम तापलेलं. बॉल फास्ट टाकायचा आणि कुणाच्या हातून कॅच सुटला की त्याच्या सात पिढ्या काढायचा. फक्त ह्यांना कधी काही बोलला न्हाई. त्याचं कारण असं झालं की सुरुवातीच्या दिवसांत एकदा हे बसायच्या आतच त्यानं बॉल टाकला आणि तो सरळ ह्यांच्या छातीवर बसला. मैदानात आडवेच झाले. दिनकरराव एवढा घाबरला की त्यानं तिथंच कान धरला आणि तवापासून टीममधी रिवाज पडला. बॉलरनं आधी मैदानाच्या टोकाच्या लिंबाच्या झाडाखालून आवाज द्यायचा, “किपर?” हे मागं नीट बसायचे, डावा हात वर करायचे, मग बॉलर पळत यायचा. किपर बसल्याबिगर बॉल टाकायचा न्हाई. हळूहळू तो रिवाज पूर्ण्यात गल्लोगल्ली झाला. आमच्या क्वार्टरच्या मागं लहान लेकरं फळकुटानं खेळायची, ती बी बॉल टाकायच्या आधी ओरडायची, “बसला का?”

मामा त्या वेळी गावाकडं राहायचे, बोरीच्या पुढं एका खेड्यात. मजुरी करायचे आणि गावकीची, म्हणजे जातीनं वाट्याला आलेली, कामं करायची म्हणून पाटलाच्या वाड्यावर जायचे. छप्पन साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली, आमी बौद्ध झालो, गावकी सोडली, असं सगळे सांगतात. मामांच्या गावात ती लवकर सुटली न्हाई. वाड्यावर गेलं की ओट्याच्या खाली उकिडवं बसायचं. मांडी घालून बसायचं न्हाई, कारण मांडी घातली म्हणजे मुक्काम केला. उभं राहायचं न्हाई, कारण ते उद्धटपणाचं. उकिडवं बसायचं आणि पाटील बाहेर येईपर्यंत तसंच थांबायचं. कधी घटकाभर, कधी दुपारपर्यंत. मामांनी हे मला कधी सांगितलं न्हाई, सासूबाईंनी सांगितलं होतं.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांना ठावं हाय. मामांच्या वस्तीवरची छपरं जळाली. सासूबाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या, ते एका परीनं बरंच झालं म्हणायची पाळी आली. हे जाऊन मामांना घेऊन आले. मामांच्या हातात एक पितळी तांब्या होता आणि बाबासाहेबांचा फोटो, काच फुटलेला. आठ दिवस ते कुणाशी बोलले न्हाईत. नवव्या दिवशी म्हणाले, “सूर्यभान, मला एक खुर्ची पाहिजे.”

रेल्वेच्या लिलावात वेटिंग रूमच्या जुन्या खुर्च्या निघाल्या होत्या. सागवानी, रुंद, दोन्हीकडं हात. ह्यांनी त्यातली एक आणली आणि क्वार्टरच्या दारात मांडली. मामा तिच्यावर बसले आणि म्हणाले, “आता मी जन्मात उकिडवा बसणार न्हाई. माझ्या घरातलं बी कुणी बसणार न्हाई.” आणि खरंच बसले न्हाईत. जेवायचे खुर्चीवर, दाढी खुर्चीवर, पेपर खुर्चीवर. मी चुलीपाशी उकिडवी दिसले की म्हणायचे, “सूनबाई, पाट घे.” माझी मुलगी कुसुम रांगायची सुटून उकिडवी बसायला लागली, तर तिला बी उचलून मांडीवर घ्यायचे. तान्ह्या लेकराला कळतंय का काही? पण मामांसमोर कोण बोलणार.

आता तुमीच बघा. बापानं शपथ घेतली उकिडवं बसायचं न्हाई, आणि लेकाचं सगळं नावच उकिडवं बसण्यात. मामांना ते माहीत नव्हतं. लेक क्रिकेट खेळतो, गावोगावी कप जिंकतो, पेपरात नाव येतं, एवढंच त्यांना माहीत. क्रिकेट म्हणजे बॅट घेऊन उभं राहायचं असंच त्यांना वाटायचं.

दंगलीनंतर दोन महिने ह्यांनी मैदानाचं तोंड बघितलं न्हाई. मग एका संध्याकाळी दिनकररावची राजदूत आमच्या दारात थांबली. मामा खुर्चीवर. दिनकरराव खाली उभा. मामांनी त्याला बसा म्हटलं न्हाई, पाणी बी विचारलं न्हाई. तो आतल्या दाराकडं बघून म्हणाला, “किपर, दोन मॅच दुसरा माणूस उभा करून बघितला. मला त्याच्याकडं बॉल टाकू वाटत न्हाई. तू येणार असशील तर मी खेळतो, न्हाईतर खेळत न्हाई.” हे बाहेर आले. म्हणाले, “उद्या येतो.” दिनकरराव गेला आणि मामांनी विचारलं, “कुणाचा हाय?” ह्यांनी सांगितलं. मामा एवढंच म्हणाले, “पाटील दारात उभा होता तर.” त्या दिवशी त्यांनी भाकरी जास्तीची खाल्ली.

आणि त्याच खुशीत पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस न सांगता ते मैदानावर गेले. लेक कसा खेळतो ते बघायला. प्रॅक्टिस चालू होती. दिनकरराव बॅटिंग करत होता. मामांनी फाटकातून बघितलं तर पाटलाचा मुलगा पुढं ताठ उभा, आणि त्याच्या पाठीमागं, खाली, त्यांचा लेक उकिडवा.

मामा तसेच मागं फिरले. हे घरी आले तर मामा खुर्चीवर ताठ बसलेले. “मी जन्मभर पाटलाच्या दारात उकिडवा बसलो,” ते म्हणाले. “तुला शिकवलं, रेल्वेत लावलं, ते पाटलाच्या मागं उकिडवा बसायला?”

“आबा, तो खेळ हाय. ती माझी जागा हाय.”

“ती माझी बी जागा होती.”

ह्यांनी समजावून सांगितलं. मी सांगितलं. बॉल मागं गेला तर रन होतो, तो अडवायला बसावं लागतं, सगळ्यात अवघड काम तेच हाय. मामा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “अवघड कामं आपल्याकडंच येत्यात.” मामा म्हणाले, “मी माझ्या लेकाला उकिडवा बघणार न्हाई,” आणि त्यानंतर ते मैदानाकडं फिरकलेच न्हाईत.

ह्यांना मात्र एकच आस लागली. बापानं एकदा येऊन बघावं. तोंडानं कधी म्हणाले न्हाईत, पण मॅचच्या आदल्या दिवशी बुटाला पांढरा रंग लावता लावता मामांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “उद्या मानवतच्या टीमसंग मॅच हाय.” मामा पेपरामागून म्हणायचे, “हाय तर हाय.” मी कुसुमला घेऊन मॅचला जायची. हर ओव्हर संपली की हे दुसऱ्या टोकाला जाताना फाटकाकडं बघायचे. दुसऱ्या कुणाला ते दिसत नसंल, मला दिसायचं. आणि घरी आल्यावर त्या खुर्चीवरच्या माणसाला चहा देताना माझा हात असा शिवशिवायचा की काय सांगू. सासरा होता म्हणून. पण त्यांच्या पायांवरचे, वाड्यासमोर बसून उन्हात करपलेले डाग दिसले की माझा राग बी पाणी व्हायचा. दोन्हीकडून मीच बेजार.

असे दिवस गेले. परभणीत खेळले, नांदेडला खेळले. एकदा सिकंदराबादला रेल्वेच्या मोठ्या टीममधी निवड झाली, दुसरा किपर म्हणून. तिथं पूर्ण स्पर्धाभर पहिल्या किपरला पाणी नेऊन दिलं आणि परत आले. मी विचारलं, “वाईट वाटलं का?” तर म्हणाले, “त्याचे हातमोजे बघितलेस का, काय मऊ होते.” अशा माणसावर रागवायचं तरी कसं. येताना त्या किपरनं आपले जुने हातमोजे ह्यांना दिले होते. ते उशाला घेऊन झोपायचे.

अठ्ठ्याऐंशी साली गुडघे गेले. इंजिनाखालच्या उठाबशा आणि मैदानातल्या उठाबशा, दोन्हीचा हिशोब एकदमच आला. रेल्वेच्या डॉक्टरनं सांगितलं, उकिडवं बसायचं आता बंद, कायमचं. हे घरी आले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. मी मामांना सांगितलं. मामा चपला घालून बाहेर गेले आणि येताना जिलेबी घेऊन आले.

माझा नवरा आत उपाशी पडलेला आणि बाहेर जिलेबी. त्या दिवशी मी सासऱ्याला पहिल्यांदा उलटून बोलले. म्हटलं, “मामा, ही जिलेबी तुमच्या लेकाच्या सुतकाची हाय. मी एक तुकडा बी खाणार न्हाई.” मामा म्हणाले, “सूनबाई, तो सुटला.” मी म्हटलं, “तो सुटला न्हाई, त्याचं सुटलं.” जिलेबी तशीच राहिली आणि मुंग्यांनी खाल्ली.

पुढं चार महिने हे ड्युटीवरून येऊन घरातच बसायचे. माझ्या डाळीत मीठ किती, कुसुमच्या वेण्या कशा, सगळ्यात नाक. शेवटी मी म्हटलं, “असं माझ्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा मैदानात जा आणि लोकांच्या पोरांच्या डोक्यावर वाटा.” ते म्हणाले, “मला बसता येत न्हाई, मी काय शिकवू?” मी म्हटलं, “मला तरी कुठं अवकाशात जाता येतं? भूगोल शिकवतेच की.”

गेले. आणि कोच झाले. त्यांची शिकवायची तऱ्हा न्यारीच. पोरगा कितीबी चांगला असू द्या, पहिले पंधरा दिवस बॉल न्हाई, हातमोजे न्हाईत. नुसतं बसायचं. “आधी बसायला शिक,” म्हणायचे. टाचा टेकलेल्या, पाठ सैल, डोळे वर. रेल्वेतल्या एका साहेबाच्या बायकोनं तर येऊन भांडण केलं, आमचा मुलगा क्रिकेट शिकायला येतो का संडासला बसायला शिकायला येतो? हे शांतपणे म्हणाले, “बाई, जो नीट बसतो तोच नीट उठतो.” सहा वर्षांत त्यांच्या हाताखालचे दोन किपर जिल्ह्याच्या टीममधी गेले, एक विद्यापीठाच्या टीममधी.

दिनकररावनं त्याचा मुलगा आणून सोडला तो दिवस मला चांगला ध्यानात हाय. रंगनाथ, कोवळा पोरगा, बापासारखाच ताठ. दिनकरराव आमच्या दारात येऊन मामांसमोरच म्हणाला, “किपर, ह्याला बसायला शिकव.” ते गेल्यावर मामांनी मला विचारलं, “पाटलाचं पोरगं उकिडवं बसंल?”

“रोज पाच वाजता बसतंय, जाऊन बघा.”

“खोटं.”

“जाऊन बघा म्हणते ना.”

मामा गेले न्हाईत. पण त्या दिवसापासून पाच वाजले की खुर्ची जरा मैदानाच्या दिशेला वळवून बसायला लागले. तिथून दिसत काहीच न्हाई, मधी मालगाड्यांची लाईन हाय.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. पूर्ण्याला आल्यावर मामांनी त्या नावासाठी जेल भोगली होती, मोर्च्यात लाठ्या खाल्ल्या होत्या. त्या दिवशी पूर्ण्यात मिरवणूक निघाली तर मामा खुर्चीवरून उठून तिच्यात चालले, बुद्धविहारापर्यंत. परत आले ते थकून, पण चेहरा असा की मी तसा कधी बघितला नव्हता. मला वाटलं, आता न्हाई तर कधीच न्हाई.

कारण फेब्रुवारीत ह्यांनी शिकवलेल्या पोरांनी एक मॅच ठरवली होती. जुने विरुद्ध नवे. जुन्यांत दिनकरराव आणि सगळे पोट सुटलेले, आणि किपर अर्थातच हे. डॉक्टरनं न्हाई सांगितलेलं, मी न्हाई सांगितलेलं. म्हणाले, “एक ओव्हर. उभ्यानंच पकडतो. बसत न्हाई.” सकाळी बुटाला पांढरा रंग लावता लावता सवयीनं म्हणाले, “आज मॅच हाय.” मामा म्हणाले, “हाय तर हाय.”

मी पोळ्या टाकून बाहेर आले. पिठाच्या हातानंच. “मामा,” म्हटलं, “मी ह्या घरात आल्यापासून तुमचं ऐकलं. पाट घे म्हटलं, पाट घेतला. आज माझं ऐका. हे शेवटचं हाय. परत त्यांच्या अंगात ते पांढरे कपडे दिसायचे न्हाईत. तुमी आला न्हाईत तर तो माणूस मरेपर्यंत फाटकाकडं बघत राहील, आणि मी तुम्हाला माफ करणार न्हाई. सरळ सांगते.”

मामा बराच वेळ माझ्या पिठाच्या हाताकडं बघत बसले. मग म्हणाले, “बसायला काय हाय तिथं?”

“काही न्हाई. जमीन.”

“मग खुर्ची घ्यायला सांग.”

दोन पोरांनी खुर्ची उचलली आणि आमची वरात रूळ ओलांडून मैदानावर गेली. चुन्याच्या रेषेबाहेर खुर्ची मांडली, मामा बसले, मी आणि कुसुम शेजारी उभ्या. हे मैदानाच्या मधी हातमोजे चढवायलेत. सवयीनं फाटकाकडं बघितलं, तिथं कुणी न्हाई. मग नजर फिरली आणि खुर्ची दिसली. हातमोजा हातातून खाली पडला, तो उचलायला बी वाकता येईना, दुसऱ्यानं उचलून दिला.

नव्यांची बॅटिंग. पहिला आला रंगनाथ. त्यानं गार्ड घेतला आणि मी मामांच्या खुर्चीकडं बघितलं. कारण पुढं पाटलाचं पोरगं बॅट घेऊन ताठ, आणि मागं माझा नवरा. पंधरा वर्षांपूर्वी मामांनी जे बघून पाठ फिरवली तेच. मला वाटलं, झालं, आता उठतील.

दिनकरराव लिंबाखाली गेला, वळला आणि आवाज दिला. “किपर?”

ह्यांनी कमरेत वाकून डावा हात वर केला. टाका म्हणाले.

दिनकरराव हलला न्हाई. पुन्हा म्हणाला, “किपर?”

“टाका की, दिनकरराव. उभ्यानं पकडतो.”

“किपर बसल्याबिगर मी बॉल टाकलेला न्हाई. आज कसा टाकू?”

अंपायर म्हणाला, चला, उशीर होतोय. दिनकररावनं त्याच्याकडं असं बघितलं की तो टोपी नीट करत बसला. रंगनाथनं बी बॅट काखेत मारली आणि बाजूला होऊन उभा राहिला. म्हणाला, “सर बसले न्हाईत अजून.” सगळं मैदान थांबलं. ऊन तापलेलं, पाटील बॉल घेऊन उभा, पाटलाचा लेक बॅट घेऊन उभा, बाकीचे आपापल्या जागी उभे.

“काय झालं?” मामांनी मला विचारलं. “का थांबलेत?”

“किपर बसल्याबिगर खेळ सुरू होत न्हाई, मामा.”

“म्हणजे सूर्यभान बसंपर्यंत?”

“हां.”

“कुणीच टाकत न्हाई? पाटील बी?”

“पाटलानंच तो रिवाज पाडलाय. पहिल्यापासून असंच हाय.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून. तुमी त्या दिवशी लवकर मागं फिरलात.”

खुर्चीचे दोन्ही हात मामांनी घट्ट धरले होते. दिनकररावकडं बघितलं, रंगनाथकडं बघितलं, मग लेकाकडं. हे तसेच वाकून उभे, कोणत्या तोंडानं बसू असं झालेलं. गुडघ्याचं दुखणं होतंच, पण मला ठावं हाय, त्या वेळी ते गुडघ्यासाठी थांबले नव्हते. बापाच्या डोळ्यांसमोर उकिडवं बसायचं त्यांच्यानं होत नव्हतं.

मामा उठले. चुन्याच्या रेषेपर्यंत गेले. त्यांचा आवाज कधी मोठा नसायचा, पण त्या शांततेत सगळ्यांनी ऐकला.

“सूर्यभान, बस. लोकं थांबलेत तुझ्यासाठी.”

ह्यांनी एकदा बापाकडं बघितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू, हळूहळू खाली बसले. गुडघे वाजलेले मला रेषेबाहेर ऐकू आले असं मी म्हणते. हे म्हणतात, लबाड बोलतेस. डावा हात वर केला. आणि दिनकरराव पळत आला.

आता इथं मला सांगायला आवडलं असतं की लय भारी कॅच पकडला. तसलं काही झालं न्हाई. रंगनाथची बॅट चुकली आणि बॉल ह्यांच्या दोन्ही हातांच्या मधून मागं गेला तो थेट रेषेपार. बायच्या, म्हणजे बॅटला न लागलेल्या बॉलच्या, चार रन. मामा माझ्याकडं वळून म्हणाले, “गेला ना?”

“गेला.”

“आता परत बसंल?”

“बसतील. हर बॉलला.”

आणि हर बॉलला बसले. मामा रेषेवरच उभे, खुर्ची मागं रिकामी. प्रत्येक बॉलच्या आधी दिनकररावनं आवाज दिला, प्रत्येक वेळी हे बसले, प्रत्येक वेळी मामांचे ओठ हलले. शेवटचा बॉल हातमोज्यात असा टप्पकन बसला की कुसुम नाचायलाच लागली. ओव्हर संपली तसे हे हातमोजे काढून बाहेर आले, पाय ओढत. मामांनी त्यांचा दंड धरला, खुर्चीपर्यंत आणलं आणि म्हणाले, “इथं बस.” त्या खुर्चीवर मामांशिवाय दुसरं कुणी बसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

ह्यांना घरी आणलं ते रंगनाथच्या स्कूटरवर. गुडघे सुजून भोपळ्यासारखे झालेले. जमिनीवर बसता येईना म्हणून खुर्चीवरच बसवलं, दारात. मी आत तेल गरम करत होते. वाटी घेऊन बाहेर आले तर मामांनी ती माझ्या हातातून घेतली.

“आबा, राहू द्या,” हे म्हणाले. “सत्यशीला लावील.”

मामांनी ऐकलं न्हाई. खुर्चीसमोर आले, धोतर सावरलं आणि लेकाच्या पायाशी उकिडवे बसले. तेल बोटांवर घेतलं आणि गुडघा चोळायला लागले. ह्यांनी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले. “आबा, तुमी नका बसू. उठा. उठा तुमी.”

“गप,” मामा म्हणाले. “मला सवय हाय याची.”

मला बघवेना. मी म्हटलं, “मामा, निदान पाट तरी देते.”

ते मान वर न करता चोळत राहिले. “राहू दे, सूनबाई,” म्हणाले. “मी बसलोय बरा.”